चारशे एकोणऐंशी

चहाच्या कारखान्यात, हिशेबखात्यात
एकच संगणक उरला होता.
बाकीचे कुणी नेले, ते विचारायचं नव्हतं.
ओझुर्गेतीत त्या हिवाळ्यात वीज
रात्री अकराला यायची, कधी दोनला,
न कळवता येणाऱ्या पाहुण्यासारखी,
आणि आई मला हलवायची: “ऊठ, आली.”

आई आकडे भरायची. किती किलो पाला,
किती कूपनं, कुणाकुणाचा पगार थकला.
उरलेली वीज माझी.

पत्र्याच्या पेटीत अगदी तळाशी
आक्रोडाएवढा कागदी स्पीकर,
एक तांबडी तार, एक काळी.
माणसाचं चुकलं की ओरडायचं
एवढंच काम त्याला नेमून दिलेलं.
मी रशियन पुस्तकाची फाटकी झेरॉक्स वाचून
त्याला दुसरं काम लावलं.

साउंड लिहायचं, मग कंपनं,
स्वल्पविराम, मग वेळ.
अठरा म्हणजे एक सेकंद,
खरं तर अठरा आणि थोडं वर;
ते थोडं प्रत्येक ओळीत सांडायचं
आणि गाणं संपेस्तोवर
मी ओंजळभर वेळ हरवलेली असायची.

पण आमच्याकडे गाणं तिघांचं असतं.
किरिले वर, कोंबड्यासारखा गळा मोडत,
उशांगी मधे, शब्द सांभाळत,
आणि खाली खर्जात माझे बाबा, जुम्बेर.
खर्जाला आम्ही बानी म्हणतो.
स्पीकरला गळा एकच.
म्हणून मी तिघांना आळीपाळीनं पळवलं,
वरचा, मधला, खालचा, पुन्हा वरचा,
इतक्या घाईनं की कुणाला वाटावं
तिघं एकाच बाकावर बसलेत.
वाटाणे उकळावेत पातेल्यात, तसं वाजायचं ते.

किरिले तेव्हा ट्रॅब्झोनला, संत्री विकत.
बाबा सप्टेंबरात एंगुरी ओलांडून गेलेले.
परत आला तो त्यांचा ट्रक.

एका रात्री उशांगी रॉकेल मागायला आले.
दारातच थांबले, टोपी हातात.
पूर्ण ऐकलं. मग म्हणाले,
“हा मधला कोण? पियानो शिकलेला दिसतो.”

मी तक्ता दाखवला: चारशे सहासष्ट,
त्यानंतर थेट चारशे चौऱ्याण्णव.
कोमल किंवा शुद्ध, मधे काहीच नाही.
ते खुर्ची ओढून बसले.
“तुझ्या यंत्राला मधलं लिहिता येत नाही?”
येत होतं. मलाच सुचलं नव्हतं.
सत्तर. “वर.” पंचाहत्तर. “वर.”
ब्याऐंशी. “आता उडालीस. खाली ये.”
ऐंशी. त्यांनी डोळे मिटले,
जिभेवर वाइनचा थेंब धरावा तसे.
“थोडं खाली.”
चारशे एकोणऐंशी.
“तिथे,” ते म्हणाले. “तिथे मी राहतो.”

मग विचारलं, “आणि बानी?”
मी म्हटलं, एवढा लहान स्पीकर
इतका खाली जात नाही,
अठ्ठ्याण्णवला नुसता खडखडतो.
“जुम्बेरचं तरी काय,
सकाळी सकाळी तसंच व्हायचं.”
आई हसली. आकड्यांवरून मान न उचलता,
पण हसली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.
पेन्सिल हातातच राहिली.

तेवढ्यात वीज गेली.
मी काही साठवलं नव्हतं.
अंधारात पंखा हळू होत थांबला
आणि उशांगी, जे नुकते गायला लागले होते,
तेही थांबले.
जेवणाच्या टेबलावरून कुणी उठून बाहेर गेलं
की त्याच्यासाठी थांबतात, तसे.

पुष्कळ वर्षं झाली.
आता माझ्या टेबलावरच्या यंत्रात
तो आक्रोडाएवढा गळाच नसतो.
पण लिफ्ट आली की पीं वाजतं,
शेजाऱ्यांचा मायक्रोवेव्ह वाजतो,
दवाखान्यात कुणाच्या तरी उशाशी वाजतं काहीतरी,
आणि मी उभ्या उभ्या मोजते:
वर आहे. अजून वर आहे.
थोडं खाली, उशांगी म्हणतात.
थोडं खाली ये.