पुढील आदेशापर्यंत

डीसी ऑफिससमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
कागद कुणाचाही असो, दोन रुपये.
त्या वर्षी हुकूम यायचे,
कधी सकाळी, कधी रात्री साडेनऊला शटर वाजवून.
इराण्णा शिपाई मास्क हनुवटीवर ओढून म्हणायचा,
चाळीस प्रती, लगेच.

यंत्रातून कागद गरम यायचा.
त्या दिवसांत हातात घेताना दचकायला व्हायचं,
कुणाच्या तरी कपाळाला हात लागल्यासारखं.
शेवटची ओळ दर वेळी तीच:
मुंदिन आदेशदवरेगे.
कोगनोळीला जाणाऱ्या प्रतींवर
मी तिच्याखाली पेन्सिलीनं मराठी लिहून द्यायचो,
कुणी सांगितलं नव्हतं, खरं द्यायचो.

बहीण माझी कागलला दिलेली, दूधगंगेच्या पलीकडं.
जूनमध्ये तिला मुलगी झाली.
भेट ठरली नाक्यावर.
मध्ये तीन ड्रम, एक आडवा बांबू,
बांबूला मीच काढलेली प्रत, पावसानं शाई फुटलेली.
"मी हितंच थांबतो की रे," रत्नप्रभा ओरडली
(आमच्याकडं बायकाही थांबतोच म्हणतात)
आणि पोरीला वर उचललं.
एवढ्या लांबून बाळ म्हणजे एक पिवळं टोपडं.
करदंटाचा डबा हवालदारानं मधे घेतला,
वरून सॅनिटायझर मारलं,
मग झाकण काढून आतही मारलं.

पुढं हलग्याच्या सौधात अधिवेशन भरलं
तेव्हा मुगळी आमदार स्वतःच दुकानात आले,
चष्म्याला दोरा, काखेत पाच पानांचं खाजगी विधेयक.
पाठपोट काढा म्हणाले, कागद वाचतो.
मी वाचतोय हे बघून थांबले.
"सभागृह मिटलेलं असतं, राज्यपालांची सही होते, वटहुकूम निघतो.
त्याच्या पोटातून सरकारचा हुकूम,
त्याच्या पोटातून डीसीचा,
त्याच्या पोटातून तुमचा तो बांबू.
मी बांबू काढा म्हणत नाही.
एकतिसाव्या दिवशी कुणीतरी उभं राहून
परत विचारायचं, एवढंच."

रांगेत सिव्हिलमधली फिलोमिना सिस्टर होती,
पगाराच्या कागदांची गुंडाळी घेऊन.
"साहेब, ऑक्सिजनची गाडी मध्यरात्री
त्याच सहीवर आली होती.
तेव्हा आम्ही कुणाला विचारत बसलो असतो?"
आमदार बराच वेळ यंत्राकडं बघत राहिले.
"म्हणून तर तीस लिहिलं, सिस्टर.
तीन नाही लिहिलं."
ती म्हणाली, "बरं."
पटलं म्हणून म्हणाली की नंबर आला म्हणून,
मला कळलं नाही.

शेवटच्या दिवशी पास काढून गॅलरीत बसलो.
कामकाजात विधेयक चौदावं.
सातव्याला उसाची थकबाकी निघाली,
आठव्याला सीमेचा प्रश्न,
मग कुणी कागद फाडले, कुणी घंटा वाजवली.
मुगळी उभे होते. माईकचा दिवा लागलाच नाही.
तोंड हलत होतं, बोटांवर काही मोजत होते.
सभापतींनी सभागृह तहकूब केलं,
तेही बेमुदत.

नाका कधी उठला, विचारा कुणालाही.
एक दिवस बांबू शेजारच्या उसात पडलेला दिसला,
ड्रममध्ये कुणी तरी झेंडू लावला होता.
घरी येऊन मी वह्या काढल्या.
लावल्याचे हुकूम, एकशे बारा प्रती.
उठवल्याचा एकही नाही.
सहीनं सुरू झालं होतं ते सगळं,
आणि संपलं ते कुणाच्या हातानं,
हे कागदावर नाही.

मुगळीसाहेबांच्या तीन प्रती अजून दुकानात आहेत.
पैसे चुकते केलेत, न्यायला कोणी आलं नाही.
खणात ठेवल्यात, वर स्टेपलरचा डबा.
कुठवर ठेवायच्या,
ते काही त्यांनी सांगितलेलं नाही.