खुंट

पत्रात मोजून दोन ओळी होत्या :
प्रत्येक झाडाचा एक फोटो, समोरून,
झाड चौकटीच्या मधोमध, आकाश कमीत कमी.
झाडं एकशे बारा. दर झाडामागे अकरा युरो.

फेब्रुवारी. लोआरवरून आलेलं धुकं
बागेच्या भिंतीआड येऊन बसलंय,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखं.
तिकाटणं रेतीत रुतवून मी
पहिल्या नासपतीसमोर उभी.

नासपती कसली,
विटांवर कुणी पट्टी ठेवून आखलेली आकृती.
एक खोड, दोन्हीकडं तीन तीन हात,
काटकोनात वळून सरळ वर गेलेले,
तारांना वाळुंजीच्या ओल्या काड्यांनी बांधलेले.
पान एक नाही.
लपायला जागाच नाही झाडाला.

ज्योफ्रुआ माझ्या पुढं पुढं छाटत चाललाय,
गुडघ्यांना टायरचे तुकडे बांधून.
"तीन डोळे ठेवायचे," तो सांगतो,
"चौथा दिसला की त्याच्या आधी कात्री."
अंगठ्याच्या नखानं एक डोळा दाखवतो
तांदळाच्या दाण्याएवढा, तपकिरी, मिटलेला.
मी म्हणते, माझ्या कॅमेऱ्याला एकच आहे.
तो हसत नाही.
"मग तो तरी नीट उघड."

माझा फोटो सेकंदाच्या साठाव्या भागात होतो.
हा कोपरा वळायला चार वर्षं लागली म्हणे.
पहिल्या वर्षी नुसतं बांबूला टेकवलं,
दुसऱ्या वर्षी जरा वाकवलं,
तिसऱ्या वर्षी गारा पडल्या.
चौथ्याबद्दल तो काही बोलला नाही.
मी विचारलंही नाही, बोटं गारठली होती
आणि बॅटरी उतरत होती.

सत्तेचाळिसावं झाड.
पाच हात.
सहाव्याच्या जागी नुसत्या विटा
आणि काहीच न धरलेली एक तार.
मी डावीकडं सरकले, उजवीकडं सरकले,
ती रिकामी जागा चौकटीतून जाईना.
"मागून बघ," ज्योफ्रुआ म्हणाला,
आणि भिंतीतलं हिरवं दार खांद्यानं ढकललं.

पलीकडं मादाम लुसेटच्या कोंबड्या.
फुटकी बादली, चिखल, वाळत घातलेले मोजे,
आणि भिंतीला खेटून एक झुडूप
वाटेल तिकडं वाढलेलं,
फांदीवर फांदी, गुंत्यात गुंता, शेवाळ,
एका टोकाला मागच्या सालचं काळं पडलेलं फळ.

"बिहीदाणा," तो म्हणाला. "वर नासपती, पण खाली हाच.
सगळी कलमं याच्याच खुंटावर बांधलेली.
याच्यामुळं झाड ठेंगणं राहतं, ऐकतं.
हा मात्र ऐकतोच असं नाही."
मूळ पायाखालून गेलं होतं,
दोन हात जाडीच्या पायाखालून,
कोंबड्यांच्या खताचा वास घेत घेत बहुतेक.

लुसेटबाई खुराड्यातून ओरडली :
"दर हिवाळ्याला कात्री घेऊन येतो हा,
कॉफी पितो आणि तसाच परत जातो.
तीस वर्षं झाली!"
ज्योफ्रुआनं कात्रीची धार अंगठ्यावर पाहिली,
जणू ती बोथट निघाली तर बरं.

झुडूप चौकटीत मावेना.
मागं सरत गेले, सरत गेले,
पाठीला खुराड्याची जाळी टोचेपर्यंत,
तरी एक फांदी बाहेर राहिलीच.
तसाच घेतला. आकाश भरपूर आलं.

निघताना बाईनं जेलीची बाटली दिली,
ऑक्टोबरची, तांबूस, झाकणाखाली मेणकागद.
"वरच्या साहेबांना सांगू नकोस," म्हणाली,
कुठल्या गोष्टीबद्दल, ते नाही सांगितलं.

एकशे बारा फोटो पाठवले, बिलही.
यादीत सत्तेचाळीस क्रमांकापुढं
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
एक हात भिंतीपलीकडं.

कार्यालयातून विचारणा आलीय,
याचा अर्थ काय म्हणून.
तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसते
आणि पाव भाजायला उठते.
बाटली तळाला आलीय.