अठरा टाके

मंगळवारी संध्याकाळी, क्लाक्सविकच्या जुन्या शाळेत,
लहान मुलांच्या खुर्च्यांवर आम्ही सातजण.
गुडघे हनुवटीला लागतात.
सहाजणी बायका आणि मी, हेयिन,
बोट विकून टाकलेला.

चाळीस वर्षं जाळी सांधली या हातांनी,
अंधारात, गारठलेल्या बोटांनी, शिव्या देत.
सुयांचं काय एवढं, म्हणालो होतो.

पण जाळ्यात गाठ असते. मारली की बसते.
इथे गाठच नाही कुठे.
एका वेढ्यातून दुसरा वेढा ओढलेला,
आणि एवढ्याच भरवशावर अख्खा स्वेटर.
"आवळू नकोस," राग्नवोर म्हणते,
"लोकर मासा नाही. पळून जायची नाही."

ती स्वतः हातांकडे बघतही नाही.
धक्क्यावर कोण आलं, कोण गेलं
सांगता सांगता तिची बाही कोपरापर्यंत आलेली.

सुलट. सुलट. सुलट.
माझी जीभ दातांत.
अकराव्या ओळीत एक टाका घरंगळला,
खाली, खाली, मागे शिडी सोडत.
धरायला गेलो तर आणखी एक.
सगळ्या गप्प. मग सोलरुन फिसकन हसली, मग मीही.

राग्नवोरने आकड्याने तो पायरी-पायरीने वर आणला,
बुडत्याला काढावं तसा,
घाई न करता.

सुरुवात अठरा टाक्यांनी केली होती.
आज मोजले: तेवीस.
हे पाच कुठून आले?
तिने चष्मा वर सारला, पुन्हा मोजले.
"समुद्रातून असतील," म्हणाली.
"उसवू नकोस. मफलर रुंद होईल, एवढंच."

बाहेर वारा सुटला होता.
पिशवी मी कोटाच्या आत घेतली.