पाऊण सेकंद

बिरनाळ्यांची अडत, मार्केट यार्ड, सांगली.
तांब्याच्या चार लाइनी आणि भिंतीला
टिफिनएवढा गेटवे.
सौदे सुरू व्हायची वेळ, आणि चारही लाइनी अडकलेल्या.
"रात्री इथं कुत्रंसुद्धा नव्हतं ओ," सुकुमारशेठ म्हणाले,
"मग बोलतंय कोण?"

चिमटे लावले, कान दिला.
आत आमचीच बाई:
नमस्कार, हळदीच्या भावासाठी एक दाबा.
पलीकडून
टूं.
टूं.
रात्री नऊ-दहाला कुणीतरी फोन ठेवून जेवायला बसलं असेल.
तेव्हापासून हा डबा
रिकाम्या तारेला एक दाबायची विनंती करत होता,
न कंटाळता.

त्याला तरी कळावं कसं?
माणूस गेला की काही एक्स्चेंज तारेवरचं अधिक-उणे फिरवतात,
निदान कडी वाजल्यासारखं होतं.
आमचं तेवढं करत नाही.
सूर सोडतं नुसता, ओळखा म्हणतं.

सूर म्हटल्यावर मला हसू आलं.
आमचे अब्बा मिरजेत सतारीची जवारी काढायचे,
शिकलगारांच्या घरातलं पोर
चालायच्या आधी तार उतरलेली ओळखतं.
मी डब्याला बसवून शिकवलं:
चारशेचा सूर. पाऊण सेकंद वाजेल,
पाऊण सेकंद गप्प.
चारदा मोज, मगच सोड.
दोनदात सोडलंस तर कुणाच्या फोनमागं
टेम्पो रिव्हर्सला वाजला तरी
तुला वाटेल, गेला माणूस.

दुसरी तक्रार किरकोळ.
कोल्हापूरला लावलेला फोन सांगलीतच कुणाकडे तरी जायचा.
एक्स्चेंजचा गूंऽऽ यायच्या आत
डबा घाईनं आकडे फेकायचा,
पहिला शून्य हवेत,
आणि उरलेलं कोल्हापूर
विश्रामबागेतल्या एका घरात वाजायचं.
आधी गूं ऐक, म्हटलं, मग एक श्वास, मग आकडे.

आठवड्यानं बघायला गेलो
तेव्हा मुद्दाम शून्य गाळून तो नंबर लावला.
"यार्डातनं का?" बाईंनी पहिल्या रिंगला उचलला.
"आठ दिवस झाले, वाजलाच नाही.
राजापुरीला काय निघाला?"
फळ्यावर बघून सांगितलं.
"बरा आहे की. आणि तो तुमचा भरमा?
'चुकला काकू, चुकला काकू' म्हणायचा. खोकला होता त्याला."
गेला खोकला, मी म्हणालो.
समोर भरमा पावत्या फाडत बसलेला,
मी विचारलं नव्हतं.

त्यांनी आधी ठेवला.
टूं. टूं. टूं. टूं.
चौथ्याला डब्यावरचा लाल दिवा विझला,
लाइन मोकळी.

भरमानं मान वर केली नाही.
"काकू का?" म्हणाला,
आणि कार्बन सरकवून
पुढची पावती लिहायला घेतली.