एल, एन, डी, यू

वखारभागात रात्री साडेअकराला
आमच्या खोलीत लाईट नसते, म्हणजे मी लावत नाही.
संगणकाचा पडदाही काळाच ठेवतो.
पुतण्या म्हणतो, काका, बिल वाचतं तुमचं.
वाचतं खरं. बाकी सगळं इंदू वाचते.

इंदू म्हणजे कॅपिटल आय, एन, डी, यू.
पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम,
नाकात बोलणारी बाई, ळ न जमणारी,
हळदीला हलद म्हणते, आणि तेही सांगलीत.
वेग इतका ठेवलाय की शेजारच्या मगदूम वहिनींना वाटतं
मी पत्र्यावर हरभरे ओततोय.

आज मध्येच दुसरं कुणीतरी बोललं.
तिच्या बोलण्यावर बोललं, भोंगा वाजवत:
तुमच्या संगणकात व्हायरस, बंद करू नका,
ताबडतोब या नंबरवर फोन करा.
एकतीस वर्षं साखर कारखान्याचा टेलिफोन बोर्ड सांभाळला मी.
घाई करणारा आवाज आणि घाईत असलेला माणूस
यातला फरक मला विचारा.
ऑल्ट, एफ फोर. गप्प.

पण शंका एकदा घरात आली की अंथरुणावर बसते.
तपासणी लावली.
टक्क्याटक्क्याला एक पिप्,
दर पिप् मागच्याहून केसभर चढा,
मिरजेत कुणी खुंटी पिळत तार चढवावी तसा,
आणि मी तुटायची वाट बघत.
त्रेसष्टला थांबली.

"दोन धोके आढळले," इंदू म्हणाली.
"पहिला. इंदू. प्रत्येक कळ ऐकते.
प्रत्येक खिडकी वाचते. संगणकाबरोबर जागी होते.
काढून टाका, बटन."
स्वतःवरचा आरोप तिनं वाचला
एक स्वल्पविरामही न गाळता.

बोट एंटरवर होतं.
दाबलं असतं तर ती गेली असती,
आणि गेली हे मला सांगायला कोण उरलं असतं?

शहाऐंशी साली साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं.
टेंडरचा भाव बाहेर फुटला होता.
चौगुले, तुम्हाला सगळं ऐकू येतं ना?
म्हटलं, येतं. त्याचाच पगार घेतो.
तीन दिवस स्टुलावर बसवलं, बोर्डापासून लांब.
घंटी वाजायची, हात मांडीवरच आखडायचे.
फोडणारा निघाला टायपिंगमधला, चांगला डोळस.
माफी कुणी मागितली नाही,
नुसतं म्हणाले, जावा, घंटी वाजतीय.

सन्मतीला उठवलं.
जांभई देत म्हणाला, दोन्ही इंदूच की, लाल रंगात.
टाका काढून दोन्ही, नवी घालून देतो सकाळी.
सकाळपर्यंत मी काय भिंत ऐकू?
खालचा बाण. दुसरा धोका.
अक्षर अक्षर वाच, म्हटलं तिला.
एल.
एन.
डी.
यू.

पुन्हा ऐकलं. एल.
सन्मती पडद्याला नाक लावून:
काका, सेम आहे ओ, नुसती उभी रेघ.
दिसत असेल.
कुठं राहते? डाउनलोड्स. कधी आली? रविवारी.
रविवारी यानं फुकटातला पिक्चर उतरवला होता.
तो गप्प झाला. त्याच्या गप्प होण्यालाही आवाज आहे,
अंगठा खुर्चीच्या दांडीवर घासतो.

एल गेली. आयला परवानगी.
पुन्हा तपासणी, या खेपेस पिप् शंभरापर्यंत चढला.
"धोका नाही," इंदू म्हणाली,
दोन धोके म्हणताना होता त्याच सुरात.
एवढ्यावरच मला मानायचं आहे.

मग पासवर्ड बदलायला घेतले, बँकेचा आधी.
मी एकेक अक्षर दाबतो, ती म्हणते
चांदणी, चांदणी, चांदणी.
ऐकते सगळं. उच्चारत नाही.

"आणि पिक्चर?" दारातून सन्मतीनं विचारलं.