तीस सेकंदांनी एकदा

पहिल्याच तासाला निघोजकर मॅडमनी
तीन क्रियापदं काढून घेतली आमच्याकडून :
वाटणं, समजणं, आवडणं.
"कुत्रा रागावला असं लिहाल तर मार्क कापीन.
कान कुठे होते? शेपूट कुठे?
ओठ किती वर, दात किती दिसले?
राग तुमच्या वहीत आहे. कुत्र्यात आहे की नाही
ते वर्षाच्या शेवटी बोलू."

मी हा पेपर घेतला तो वेळापत्रकामुळे.
मंगळवारी साडेदहाला दुसरं काही बसत नव्हतं.

मग गणेशखिंडीत, कँटीनमागच्या चिंचेखाली
मी आणि इर्शाद बागवान,
एक स्टॉपवॉच, दोघांत एक पेन,
तीस सेकंदांनी एकदा मान वर.
क-२ : झोपलेली.
क-२ : झोपलेली.
क-२ : झोपलेली, डावा कान हलला.
इर्शादनं लिहिलं, हिला स्वप्न पडतंय.
मी म्हटलं, खोड ते.
त्यानं खोडलं, पण असं की वाचता येईल.

सातभाईंचा आठवडा आला.
मोजले तर नऊ भरले.
"नावावर जाऊ नका, नाव आपण ठेवलंय."
एक फांदीवर पहाऱ्याला,
बाकीचे पाचोळा उलटत, एकमेकांवर खेकसत,
आणि पिलाच्या चोचीत अळी घालणारा
बाप नव्हता, आईही नव्हती.
का घालतो? हा प्रश्न परीक्षेत हमखास, दहा मार्कांना.
माझ्या फीचा पहिला हप्ता भरणारा चुलता
मी त्या उत्तरात लिहिला नाही.
उदाहरण द्या, असं म्हटलं नव्हतं.

दिवाळीनंतर माणूस.
डेक्कनच्या बसथांब्यावर बेचाळीस मिनिटं.
तारेवरच्या पाखरांसारखी अनोळखी माणसं,
मधलं अंतर सारखं,
एक जण निघाला की सगळे थोडे थोडे सरकतात,
कुणी न सांगता.
एका बाईनं तीच पर्स तीनदा उघडली.
एका काकांनी "इथे रांग आहे" हे वाक्य
कुणीच घुसत नसताना खांबाला ऐकवलं.
इर्शादची नोंद : हद्दीची घोषणा. आवाजी.

कोंबड्यांचा तास मात्र मला नीट आठवतो.
दोन कोंबडे समोरासमोर, मानेची पिसं फुललेली,
धावून जावं की पळावं,
आणि मधेच दोघंही वाकून जमीन टिपायला लागतात.
तिथे दाणे नसतात. भूकही नसते.
"दोन्हीकडची ओढ सारखी झाली," मॅडम म्हणाल्या,
"की शरीर तिसरंच काहीतरी काढतं."

तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला.
बघितला. उचलला नाही. पालथा ठेवला.
मग त्या वळल्या,
डस्टर घेतलं आणि फळा पुसू लागल्या,
वरपासून खालपर्यंत, कोपरेसुद्धा.
फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

तीस सेकंद.
पंख्याची एक पात खटखटते.
तीस सेकंद.
आम्ही अठ्ठावीस जण, टोपणं काढलेली पेनं,
वर्षभर दुसरं काय शिकलो होतो?
एकाही वहीत अक्षर नाही.
पुढच्या बाकावर शाल्मली घोलपनं
पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.
टोक होतंच.
माझ्या बुटाची नाडी सुटलेली नव्हती,
ती मी वाकून बांधली.

"तर," मॅडम म्हणाल्या, "कोंबडे."

वर्षाच्या शेवटी बोलायचं ते राहूनच गेलं.
मेमध्ये वह्या परत मिळाल्या.
क-२ च्या पानावर, इर्शादच्या खोडलेल्या ओळीखाली
लाल शाईत, बारीक, जरा तिरकं :
कशावरून?

मार्क कापलेला नव्हता.