साडेबावीस

सव्वीस वर्षं मानवतच्या संघाचे आकडे मी शिवले.
पाठीवरचे. पांढऱ्या पॉपलीनचे, दुहेरी टीप मारून,
म्हणजे पकडीत कुणी ओढलं
तर शर्ट फाटंल, आकडा निघणार नाही.
आता जर्सी तिरुपूरहून छापून येती,
तिच्यावर बाहेतीशेठच्या जिनिंगचं नाव
आकड्यापेक्षा मोठं.
असू द्या. पैसा त्यांचा हाये.
संघ कुणाचा, एवढं मला कुणी सांगावं.

यंदा अकरा दिवसांसाठी
हरियाणाहून एक चढाईपटू आणला. तीन लाख.
रोजचं दोन लिटर दूध वेगळं.
तीन लाखात, मी मशिनवर बसल्या बसल्या हिशोब केला,
आपल्या पोरांची दोन वर्षांची अंडी, बूट
अन् परभणीच्या डॉक्टरची फी निघती.
मुंजाजीचा खांदा नीट झाला असता.
मुंजाजी, डावा कोपरा, आठ नंबर,
घोटा धरला की सोडवायला पंच यावा लागे.
आता मार्केट यार्डात सरकीची पोती मोजतो.
उचलत नाही. मोजतो.

अन् पुण्याहून एक लॅपटॉपवाला पोरगा.
तो म्हणतो, पहिल्या दोन चढाया रिकाम्या जाऊ द्या.
निदानरेषा ओलांडा, वेळ काढा, परत या.
तिसरीला काय ते बघू.
धोका कमी, सरासरी बरी.
बरं बाबा, सरासरी बरी.
पण माणूस दम धरून गेला अन् तसाच फिरून आला
हे बघायला मी पंचवीस रुपयांची खुर्ची घेतली का?
लिंबाजी एकदा सहा जणांत एकटा घुसला होता,
अंगावर तिघं, तोंडात माती,
बोटाचं एक पेर मध्यरेषेवर.
अख्खं मैदान उभं होतं.
(तो सामना आपण नऊ गुणांनी हरलो.
हे मी सहसा सांगत नाही.)

उपांत्य सामन्याच्या आदल्या सांजेला
जगमिंदर दुकानात आला, चड्डी घेऊन.
'मास्टरजी, ढीली है.'
मी टेप लावला.
उजवी मांडी चोवीस.
डावी साडेबावीस.
पुन्हा लावला. साडेबावीसच.
गुडघा जुना दुखत असला की माणूस त्या पायावर भार देत नाही,
मग मांडी वाळत जाती.
फौजदाराच्या पँटी शिवल्यात मी, हमालांच्या शिवल्यात,
हे शिकायला लॅपटॉप लागत नाही.
त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं.
'किसी को बोलना मत.'
मी वहीत माप लिहिलं,
अन् डावी बाजू दीड इंच आत घेतली,
दिसू नये म्हणून.

चौदाव्या मिनिटाला तो बसला.
कुणी धरलं नव्हतं. नुसता वळला, अन् बसला.
तीन लाख मॅटवर बसलेले सगळ्या गावानं बघितले.
लोक शेठला बोलले, पोराला बोलले.
चहाच्या टपरीवर मीही बोललो,
सगळ्यात मोठ्यानं.

तिसऱ्या दिवशी पोरगा आला. सॅकची चेन गेली होती.
'काका, तुम्ही एवढी वर्षं बघताय. काय चुकलं?'
टपरीवर मला शंभर उत्तरं येत होती.
मी वही काढली, पान उघडून पुढं सरकवली.
त्यानं वाचलं. बोट ठेवून परत वाचलं.
'तारीख आदल्या दिवसाची आहे.'
मी सुईत दोरा ओवत होतो. जात नव्हता.
'हे मला आधी...' म्हणाला, अन् थांबला.
चेनचे वीस रुपये झाले. त्यानं पन्नासची नोट दिली,
सुट्टे नव्हते माझ्याकडं.
'राहू द्या,' म्हणाला, 'पुढच्या वर्षी सगळ्यांची मापं घ्याल?'

घेईन म्हणालो.
मुंजाजीलाही बोलवा म्हणालो, तो मोजायला बरा हाये.

दोन रिकाम्या चढाया मात्र
मला अजून पटत नाहीत.